मावशीच्या कौलांवरचा हिरवा गोळा

सकाळी गल्लीत मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास शिरतो आणि मला ते दिवस आठवतात, जेव्हा आमची चूल संध्याकाळीच पेटायची. आई नेपियर टाउनच्या बंगल्यांत भांडी घासायला पहाटेच निघायची, बाबा तिलवाऱ्याकडे खाणीवर गिट्टी फोडायला. माझी सकाळ भागवायची शेजारची एकटी राहणारी मावशी, आपल्या पोह्यांच्या गाडीवरून. त्या पोह्यांवर मी बी.एससी. झाले, घराण्यातली पहिली. हे मी मान ताठ ठेवून सांगते.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या भैयानं चंद्रकोरीचा फोटो काढला. त्यात मावशीच्या कौलांवर एक हिरवा गोळा तरंगत होता. कुणी म्हणालं उडती तबकडी, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. वस्तीनं बाधाच धरली. गाडीवर कुणी फिरकेना, परातीतले पोहे वाळून कडक व्हायचे.

मावशी म्हणाली, "पोरी, मी चालली कुंडमले, भावाच्या गावी. इथं कोण खाते आता माझ्या हातचं?"

"काहून चालली? बस इथंच!" मी भडकलेच.

आकाशाचे असे फोटो लोक मला नेहमी दाखवतात, उकल करायचा छंदच आहे माझा. उतरतं विमान, एका रांगेत चाललेले उपग्रह, भिंगाजवळून उडालेला पतंग. बहुतेक गूढं अशीच साधी निघतात, आणि त्यानं आकाश काही लहान होत नाही. भैयाचा फोटो मी उलटा, वरची बाजू खाली असा फिरवला. मघा फोटोत जिथं गल्लीतल्या खांबावरचा दिवा दिसत होता, गोळा नेमका तिथं आला. मोबाइलच्या भिंगात उमटलेलं त्या दिव्याचंच प्रतिबिंब, दुसरं काही नाही.

दिवेलागणीला मी सगळ्यांना खांबापाशी बोलावलं. भैया हसला, "कॉलेज क्या कर लिया, अब भूत-प्रेत भी पढ़ाएगी?"

मी त्याचाच मोबाइल घेतला, दिवा चौकटीत धरला आणि हात हळूहळू कलवला. पडद्यावर उमटलेला हिरवा गोळा सरकत सरकत भैयाच्या गच्चीवर जाऊन बसला.

"लो भैया, आपके घर आ गया. उद्यापासून तुमच्या घरचं पाणी कोण पिणार?"

लोक खो-खो हसले. दारातून त्याची आई ओरडली, "अरे, बंद कर वो मोबाइल!"

भीती फार चिवट असते. उद्या ती दुसऱ्या कुणाच्या भिंगातून, दुसऱ्या एखाद्या एकट्या बाईच्या छतावर उतरेल. उतरू दे. फोटो उलटा फिरवायला मी आहे.

मावशी कुंडमला गेली नाही. गाडी जागेवरच लागते. आज पहिली प्लेट भैयानं घेतली.