तळ्यावर आत्ता कोण कोण

क्रांतीच्या घरात आतून कडी लागणारं दार एकच, मोरीचं. तिथंही जरा जास्त वेळ लागला की बाहेरून कुणीतरी विचारायचं, "काय गं, बरं हाय न्हवं?" झोपायच्या खोलीची कडी मुलगा रांगत होता तेव्हा निखळली होती. मुलगा आता पुण्यात नोकरीला लागला, कडी अजून खिडकीच्या कट्ट्यावर पडून होती. उदयसिंहांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दिवसभर हात नटबोल्टात. तिनं आठवण केली की म्हणायचे, "लावू की." आणि लगेच, "पण कशाला पायजे? घरात चोर कोन हाय?"

चोर कुणी नव्हतंच. माणसं होती. मंगळवार पेठेतलं घर, देवळापासून हाकेच्या अंतरावर. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला, दवाखान्यात कुणाला बघायला आलेला, कोर्टाची तारीख पुढं गेलेला, असा प्रत्येक पाहुणा चहाला त्यांच्याच दारात. क्रांतीला कंटाळा होता असं नाही. पोहे टाकता टाकता ती सगळ्यांची दुखणी ऐकायची, कोर्टाच्या तारखाही लक्षात ठेवायची. फक्त कधीतरी आपण कुठं आहोत हे कुणालाच ठाऊक नसावं, एवढंच तिला वाटायचं.

म्हणून एकदा ती रंकाळ्याच्या तळ्यावर गेली होती, एकटी. कठड्याला टेकते न टेकते तोच दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल थांबली. "वयनी, एकट्याच? भाऊ कुठायत? काय झालं काय घरात?" ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. रंकाळ्यावर एकटी बसलेली बाई म्हणजे कोल्हापुरात काही चांगलं लक्षण नव्हे; लोकांना आधी पाण्याचीच भीती वाटते. उदयसिंह दुकान उघडं टाकून घरी आले होते. त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिलाच अपराधी वाटलं. पुन्हा ती गेली नाही.

मग ते दुसरं तळं सापडलं.

ते दाखवलं नसरीननं. दोन घरं सोडून तिचं शिवणयंत्र, ब्लाउज आणि पिको-फॉल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की यंत्राच्या फळीवर मोबाईल टेकवून ती खेळायची. "घ्या की फोनात, क्रांतीवहिनी. पैसं बी लागत न्हाईत. नुसतं तळं हाय आनि नाव हाय."

नुसतं तळं आणि नाव. बोटानं पाण्यावर हलकंसं ओढलं की नाव निघायची. काठाला बोरू आणि लव्हाळे, मधे धुकं, आणि धुक्यापलीकडं काय आहे ते नाव तिथं गेल्याशिवाय दिसायचं नाही. मासे पकडायचे तर पकडा, कमळं गोळा करायची तर करा, नाहीतर काहीच करू नका. पाण्याचा रंग तासातासाला बदलायचा. कधी ओल्या मेंदीसारखा हिरवा, कधी उसाच्या रसावर फेस धरावा तसा. जेवणं आटोपली, ओटा पुसला, उदयसिंह दुकानाकडं गेले की ती कडी नसलेलं दार लोटून घ्यायची आणि कुशीवर पडून नाव सोडायची. बाहेर भांडी वाजत, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होई, गल्लीतून म्हशी घुंगरू वाजवत जात. ते सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. ती कमळं गोळा करायची. करायची म्हणजे काढायची आणि नावेच्या कडेला ठेवून द्यायची. कुणासाठी, कशासाठी, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

निदान तिची तशी समजूत होती.

खेळ फोनात घेताना त्यानं मराठीतच दोनतीन प्रश्न विचारले होते. तुमच्या फोनमधली ओळखीची माणसं शोधू का? तुम्ही तळ्यावर असाल तेव्हा त्यांना दाखवू का? क्रांतीनं सगळ्यांना 'हो' म्हटलं. दारात आलेल्यानं काही विचारावं आणि आपण तोंडावर 'नको' म्हणावं, असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. शेजारीण पातेल्यात डोकावली तर झाकण ठेवायचं नसतं, वाटी पुढं करायची असते, हे ती शाहूवाडीच्या माहेरातूनच शिकून आली होती. खेळाचा आवाज आणि सूचना मात्र तिनं पहिल्याच दिवशी बंद केल्या. घरात कळायला नको, म्हणून.

बस्त्याचा दिवस आला तोपर्यंत सगळं ठीक होतं.

पेठ वडगावच्या नणंदेच्या, प्रियदर्शनीच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं. बस्ता इचलकरंजीत. दोन गाड्या भरून माणसं जाणार. त्यात मामीचं काम ठरलेलं, कारण नवरीची पिवळी साडी मामाकडची, आणि ती मामीनं हातानं निवडायची. आदल्या आठवड्यात त्याच लग्नाच्या निमित्तानं क्रांतीच्या घरी रोज पंगत उठत होती. त्या सकाळी गाडी दारात येऊन भोंगा वाजवायला लागली, तेव्हा ती साडी नेसून, पर्स घेऊन जिन्यात उभी होती. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझं डोकं लई दुखतंय. मला जमंल असं वाटत न्हाय."

डोकं दुखत नव्हतं. उंबऱ्यातून बाहेर पाऊल पडत नव्हतं, एवढं खरं. पण असं दुखणं सांगायला कोणता शब्द वापरायचा ते तिला ठाऊक नव्हतं. गाडी गेली. रिकाम्या घरात ती थोडा वेळ तशीच जिन्यात बसली आणि मग तळ्यावर गेली. त्या दिवशी पाणी चांदीच्या ताटासारखं होतं. ती नाव कितीतरी लांब घेऊन गेली.

संध्याकाळी 'इंगवले परिवार' या ग्रुपवर वन्संनी एक फोटो टाकला. मोबाईलच्या पडद्याचा. त्यावर लिहिलेलं, 'क्रांती आत्ता तळ्यावर आहे. आज दोन तास दहा मिनिटं. कमळं एकवीस.' खाली वन्संचे शब्द, 'मामीच्या डोक्याला नावेत बसून उतार पडतोय म्हणं. आमची पिवळी आमीच घेतली.'

सत्तावीस माणसं त्या ग्रुपवर. कुणी हसणारी तोंडं टाकली. चुलतदिरानं विचारलं, 'वयनी, आमाला बी न्या की नावंतनं.' पन्हाळ्याच्या चुलतसासूबाईंनी कधी नव्हे ते एक वाक्य लिहिलं, 'शुभकार्यात असं करू नये.'

उदयसिंह रागावले नाहीत, ते वाईट. जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "अक्काच्या सासरची मानसं बी हायत त्या ग्रुपात. काढून टाक तो खेळ."

"काढतो," क्रांती म्हणाली. पण काढला नाही, आणि उघडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दार लोटून पडली. फोन उशाखाली. तिला वाटत होतं आपल्या डोळ्यांच्या आतच कुणीतरी येऊन बसलंय आणि मोजतंय. कमळं एकवीस. इतके दिवस ती धुक्यात एकटी हिंडत होती आणि काठावर माणसं उभी होती. तिनं लुगड्याच्या घडीतसुद्धा कधी पैसे लपवले नव्हते. लपवलेला असा हा एकच तास होता. तोही आता गल्लीतल्या नळासारखा सगळ्यांचा झाला.

चार वाजता ती नसरीनकडं गेली. लग्नातल्या ब्लाउजचं निमित्त होतं.

"तुमचं ऐकलं मी," नसरीन दोरा दातानं तोडत म्हणाली. "तुमच्या दिरानं आमच्या ह्यांना दाखवलं."

"म्हंजे पेठंत झालं सगळ्यांचं बघून."

"झालं. पन मला एक सांगा, वहिनी. ते वन्संना दिसलं कुठनं?"

"कुठनं म्हंजे? मोबाईलात."

"आवो, पन कुनाच्या? तळ्यावर कोन हाय हे बघायला मानूस तळ्यावरच पायजे की. काठावर हुबं ऱ्हायल्याबिगर नाव दिसत न्हाय." नसरीननं यंत्र थांबवलं. "आना इकडं. माझं दाखवनं मी पयल्याच दिवशी बंद केलंय. आमच्या घरात सासऱ्यांपतुर सगळ्यांचं मोबाईल हायत."

पडद्याच्या कोपऱ्यात दोन माणसांचं बारीकसं चित्र होतं. क्रांतीला ती इतके दिवस जाहिरात वाटत होती. नसरीननं त्यावर बोट ठेवलं. 'तळ्यावर आत्ता कोण कोण' असं लिहून आलं, आणि खाली एकच नाव, क्रांतीच्याच फोनात साठवलेलं, तिच्याच शब्दांत.

'वडगावच्या वन्सं. आत्ता तळ्यावर. आज पावणेदोन तास. मासे शून्य. कमळं शून्य.'

नसरीन हसायला लागली ती थांबेना. "या बाई! काल बस्त्यात बसून तळ्यावर गेलत्या व्हय! दुकानात साड्या उलगडायल्यात आनि ह्या नावंत! टाका, टाका ग्रुपवर. आत्ताच्या आत्ता. मी असती तर टाकला असता."

क्रांतीनं फोटो काढला. घरी येऊन ग्रुप उघडला, फोटो जोडला. अंगठा पाठवायच्या खुणेवर आणला. काय लिहायचं तेही सुचलं होतं, आणि ते चांगलंच झोंबणारं होतं.

पण त्याआधी तिनं एकदा तळं उघडलं आणि यादीतल्या वन्संच्या नावावर बोट ठेवलं.

वन्संची नाव पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात होती. हलत नव्हती. पाणी तेव्हा संध्याकाळच्या बाजूला झुकलेलं, पिवळट. जवळून एक मासा उडी मारून गेला, पाण्यावर वर्तुळ उठलं, विरलं. नावेनं काहीच केलं नाही. क्रांती बघत राहिली. वडगावचं ते घर तिला ठाऊक होतं. अंथरुणाला खिळलेले सासरे, दिवसातून चारदा हाक मारणारे. पुढच्या खोलीत नवऱ्याचं खताचं ऑफिस. स्वयंपाकघराला चौकट होती, दार नव्हतंच. तिथं पोरीचं लग्न निघालेलं. दणदण पावलं टाकणाऱ्या, हुकूम सोडल्यासारखं बोलणाऱ्या वन्सं. त्यांना एक मासाही पकडायचा नव्हता.

आणि आता क्रांती काठावर उभी राहून मोजत होती. मासे शून्य.

तिनं फोटो पुसून टाकला आणि फोन लावला.

"काय गं?" वन्संचा आवाज धारदार. "भांडायला केलास काय फोन?"

"न्हाय वन्सं. एक सांगायचं हुतं. तुमचं दार उघडं हाय."

"कुठलं दार?"

"तळ्याचं. मला सगळं दिसतंय. कवा आला, किती येळ बसला. माझ्याच न्हाय, ज्येच्या ज्येच्या फोनात तुमचा नंबर हाय आनि तळं हाय, त्या सगळ्यांस्नी दिसत असणार."

पलीकडं लांबून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई!" आणि वन्संचा, "आलो, मामा!" असा फोन दाबून दिलेला ओरडा. त्या परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"कुनाला सांगितलीस?"

"कुनालाच न्हाय."

"मला वाटलं नुसतं मलाच दुसऱ्यांचं दिसतंय." मग एकदम चिडून, "पिवळी मी एकटीनं निवडली, कळलं काय? दुकानदार इचारतोय, मामी कुठायत. मी काय सांगू? तोंड लपवायला मोबाईल काढला, तर तिथं तू! मजेत कमळं काढत बसल्यालीस!"

"चुकलं माझं, वन्सं. डोकं दुखत नव्हतं. पाऊलच पडंना."

"मला म्हाईत न्हाय व्हय ते," वन्सं म्हणाल्या. "बरं, बंद कसं करायचं ते सांग. लई शिकवू नगंस, नुसतं सांग."

"वर कोपऱ्यात दोन मानसं हायत बगा. त्यावर दाबा. खाली 'ओळखीच्यांना दाखवा' म्हनून हाय. ते बंद करा."

"कुठं? हां. थांब. चष्मा घेतो. झालं काय?"

क्रांतीच्या पडद्यावरची ओळ विझली. लव्हाळ्यातली नाव आधी धूसर झाली, मग तिच्या जागी नुसतं पाणी राहिलं.

"झालं," क्रांती म्हणाली. "दिसंना झालाय."

"आता तुजं बी कर. आनि ऐक. पिवळी बदलून देतो म्हणालाय त्यो. काठ मला तितका पसंत न्हाय. उद्या सकाळी गाडी पाठवतो, ये."

"येतो. पन दुपारच्या आत परतायचं."

"मग? मला काय दुपारी कामं न्हाईत?" वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रात्री ग्रुपवर वन्संच्या त्या फोटोच्या जागी 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढंच उरलं. सत्तावीस माणसांनी बघितलं ते बघितलंच होतं. पण उदयसिंहांनी चष्मा कपाळावर चढवून म्हटलं, "अक्कानं काढला की मेसेज. काय बोललीस?"

"साडी बदलायला जायचंय उद्या."

"आनि तो खेळ? काढलास न्हवं?"

क्रांती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिनं पुरी केली. "न्हाय काढला. कुनाला दिसनार न्हाय असं केलंय. मला दुपारचा एक तास पायजे, अहो. तळ्यावर आसंन न्हाईतर कुठं बी. त्या तासात मी कुठाय हे कुनी इचारायचं न्हाय. तुमी बी."

अठ्ठावीस वर्षांत तिनं काही मागताना 'पायजे' हा शब्द वापरल्याचं उदयसिंहांना आठवत नसावं. "बरं की," ते म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हटलं?" आणि लगेच पुढं, "चहा हाय काय?"

कडी अजूनही खिडकीच्या कट्ट्यावरच आहे. क्रांती दुपारी दार लोटून घेते. इचलकरंजीहून आणलेली नवी पिवळी साडी, तिनं निवडलेली, भाचीला खुलून दिसली असं सगळे म्हणाले. लग्न होऊन गेलं. आता पाहुणे कमी झालेत, पण देवी आहे, दवाखाना आहे, कोर्ट आहे, म्हणजे माणसं यायचीच.

गल्लीतून म्हशी गेल्या की ती नाव सोडते. 'तळ्यावर आत्ता कोण कोण' हे ती उघडून बघत नाही. बघितलं तरी तिथं कुणी दिसायचं नाही. पण धुक्यातून जाताना पलीकडच्या लव्हाळ्याकडं ती नाव जरा सावकाश घेते, कुणी निजलं असावं तशी. पाणी तिथं कधी कधी आपोआप हलतं. मग ती नाव वळवते आणि दुसऱ्या बाजूच्या कमळांकडं निघून जाते.