जावयाचं लाकूड

आमच्या सासऱ्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीचं एक झाड गावच्या होळीत घातलं, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती.

झाड म्हणजे माझ्या मालकीचा एक ओंडका. दोन हात लांब, मांडीएवढा जाड आणि उचलायला चार गडी लागतील इतका जड. कारण तो दगडाचा होता. म्हणजे होता लाकडाचाच, पण दगड झाला होता. (इथवर आलं की बहुतेक लोक 'बरं बरं' म्हणून घड्याळाकडे बघतात. तुम्ही जरा थांबा.) फार फार पूर्वी झाडं राखेखाली, गाळाखाली गाडली गेली. पाण्यातून खनिजं आत झिरपली आणि लाकडाच्या कणाकणाची जागा घेत गेली. शेवटी लाकूड संपलं, दगड उरला, पण साल, गाठी, खोडातली वलयं सगळी जिथल्या तिथं. जगात हौशी लोक असे तुकडे जमवतात आणि चक्क विकत घेतात. हे मला एका रविवारी मोबाइलवर कळलं, आणि मी, संग्रामपूरचा एक सरळमार्गी, दोन वेळ पोटभर जेवणारा कारकून, त्या दिवसापासून कामातून गेलो.

माझी सासुरवाडी सातपुड्याच्या पायथ्याशी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांच्या वावरातून एक नाला जातो, आणि पावसाळा ओसरला की त्याच्या काठाला हे तुकडे उघडे पडतात. मी दर रविवारी पिशवी घेऊन तिथं जायला लागलो. आधी जावई दर आठवड्याला येतो म्हणून सासूबाई खूश होत्या. मग जावई घरात न येता परस्पर नाल्यात उतरतो हे त्यांच्या लक्षात आलं.

घरी वंदनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिले चार महिने ऐकून घेतलं. पण तुकडे वाढत गेले. खाटेखाली झाले, माठाच्या तिवईखाली झाले, गव्हाच्या कोठीमागं झाले. तिचा मावसभाऊ अंधारात पाणी प्यायला उठला आणि अंगठा फोडून बसला. मी त्याला धीर देत म्हणालो, 'तुला ठेच लागली ती साध्यासुध्या गोट्याची नाही, अख्ख्या इतिहासाची लागली.' तो आमच्याकडे पुन्हा मुक्कामाला आला नाही. (एका अर्थी फायदाच झाला, पण हे वंदनेसमोर बोलायची सोय नाही.)

घरामागं एक खोली वाढवायचं आमचं घाटत होतं. मिस्त्री जोतं बांधून गेला होता आणि आता आत भर टाकायची होती. एके दिवशी वंदना त्या रिकाम्या जोत्याकडे बघत उभी राहिली, मग खाटेखाली वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. 

"होयी होऊ द्या," ती म्हणाली. "धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन राह्यला. तवर एक तरी धोंडा कोनी विकत नेला, तं बाकीचे राहू द्या. नाही तं सारेच्या सारे जोत्यात."

माझ्याकडे उरला एक महिना. मी मोबाइलवर फोटो टाकले, खाली माहिती लिहिली. गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. एकानं विचारलं, उगाळून पोटात घेतलं तर सांधे दुखायचे थांबतात का. एकीला घरातली कटकट जाण्यासाठी पाहिजे होता. (माझ्या घरात तो कटकट आणून राह्यला होता, हे मी तिला कळवलं नाही.) मलकापूरच्या एका माणसानं तर तीन दिवस भाव पाडला आणि शेवटी म्हणाला, त्याला म्हशीचा खुंटा ठोकायला दगड पाहिजे होता.

आणि मग पुण्याच्या साहेबांचा फोन आला. निवृत्त गृहस्थ, घरात काचेची कपाटं, कपाटात असले दगड. त्यांनी फक्त तो मोठा ओंडका मागितला. फोटो पाहून म्हणाले, प्रत्यक्ष बघतो, खरा निघाला तर त्याच दिवशी घेऊन जातो. होळीच्या दिवशी सवड होती, शेगाव स्टेशनवर उतरतो म्हणाले. मी मोबाइल खाली ठेवला आणि जोत्याकडे पाहून मिशीत हसलो.

ओंडका होता मामाजींच्या ओसरीवर. नाल्यातून त्यांच्याच बैलगाडीत आणला होता, आणि पुढं माझ्या घरी न्यायची वंदनेनं मनाई केली होती. तिथं मी त्याच्यावर आठ-दहा व्याख्यानं दिली होती. गावातले लोक यायचे, नखानं खरवडायचे. "बापू, हा दगड हाये," म्हणायचे. मी म्हणायचो, लाकूड आहे. ते म्हणायचे, दगड. एकानं जाऊन कुऱ्हाड आणली आणि घाव घातला. कुऱ्हाडीची धार गेली, तरी मी म्हणालो लाकूड आहे. मला म्हणायचं होतं की एकेकाळी लाकूड होतं, पण चिडल्यावर माणूस 'एकेकाळी' म्हणायचं विसरतो. मामाजींचा जावई बह्याड, म्हणजे पुरता खुळा, झाला, अशी गावात बोलवा उठली. मामाजी मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. ते खाली मान घालून तंबाखू मळत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला काही समजत नाही.

होळीच्या दिवशी मी जीप ठरवली आणि शेगावहून साहेबांना घेतलं. वंदनाही बरोबर निघाली, कारण दगड विकत घेणारा माणूस तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. साहेब सडपातळ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. रस्ताभर त्यांनी मला प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. गेल्या वर्षभरात माझं ऐकून कुणी 'पुढे?' असं विचारलं नव्हतं. मला भरून आलं.

दुपारी चारला गावात पोचलो. ओसरीवर गेलो तर ओंडका नाही! जिथं तो ठेवला होता तिथं नुसता शेणानं न सारवलेला लांबट चट्टा. मामाजी नवं धोतर नेसून, फेटा बांधून दारातच उभे होते. इतकं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"या बापू, बराबर वेळेवर आले," म्हणाले, आणि माझा हात धरून थेट चौकात घेऊन गेले.

चौकात होळी रचलेली होती. मधोमध एरंडाचं झाड, भोवती गोवऱ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. आणि सगळ्यांच्या बुडाशी, मानाच्या जागी, हळदकुंकू वाहिलेला, झेंडूचा हार घातलेला माझा ओंडका. चौघांनी उचलून आणला होता आणि वाजतगाजत आणला होता.

"मामाजी, हे काय केलं?" माझा आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा आला.

मामाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बापू, वर्ष झालं, लोक तुमाले हसून राह्यले. मले समजते सारं. मलेही थो दगडच वाटे. पन माह्या पोरीचा नवरा चार मान्सांत सांगते लाकूड हाये, तं मी काऊन खोटं पाडू? मी म्हनलं, यंदा मानाचं लाकूड जावयाचं. आज होयीत जयलं का साऱ्या गावाचं तोंड बंद."

अख्ख्या गावात माझ्या बाजूनं उभा राहणारा एकच माणूस होता आणि त्यानंच माझा घात केला होता. खरं तर रागवायला हवं होतं. उलट डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ओंडक्यासाठी होतं की मामाजींसाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

वंदना माझ्या कानाशी आली. "जोतं," एवढंच म्हणाली.

मी धीर करून गावातल्या म्हाताऱ्यांना विनवलं, एवढा एक ओंडका काढू द्या, त्याच्या बदल्यात गाडीभर बाभूळ देतो. साहेबांनीही फार सभ्यपणे सांगितलं की, हा नमुना अत्यंत दुर्मीळ आहे, कृपया तो अग्नीत घालू नये. म्हाताऱ्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग एक आजोबा म्हणाले, "होयीमायच्या वटीत टाकलेलं वापस घेत नाई, बापा. बाकी जे म्हनसान थे करू." आणि बाकी म्हणून त्यांनी साहेबांना मामाजींच्या घरी पुरणपोळीला बसवलं.

सासूबाईंनी साहेबांना चार पोळ्या वाढल्या आणि प्रत्येक पोळीवर वाटीभर तूप ओतलं. पुण्याच्या माणसाला इतकं तूप एकदम दाखवू नये. पाचव्या पोळीला त्यांनी हात जोडले, सहावीला डोळे मिटले. आता प्रवास जमणार नाही, मुक्कामच करतो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. जीपवाला तर केव्हाच ओसरीवर घोरत होता.

दिवस मावळताना होळी पेटली. एरवी लोक बोंब मारतात, पण त्या दिवशी सगळा गाव चिडीचूप, माझ्या ओंडक्याकडे डोळे लावून. पऱ्हाट्या जळाल्या. तुराट्या जळाल्या. गोवऱ्या लालबुंद झाल्या. ओंडका ढिम्म. मागून कुणी तरी खुसखुसलं. मामाजी हाताची घडी घालून ताठ उभे होते, पण फेट्याचा शेव थरथरत होता. मी मनात म्हणालो, जळ रे बाबा, नाही म्हणजे जळू नकोस, पण काही तरी कर!

आणि ठाप्पकन आवाज झाला. लोक चार पावलं मागं सरले. पुन्हा ठाप्प. विस्तवात ओंडक्याला उभी चीर गेली, मग आडवी, आणि तो फुटत गेला.

मामाजींनी वळून साऱ्या गावाकडे पाहिलं. "पेटल्याबिगर फुटते का?" म्हणाले.

कुणी वाद घातला नाही. मी तर मुळीच नाही. मी मनातल्या मनात जोत्यात भर टाकत होतो.

सकाळी होळीच्या निखाऱ्यांवर आंघोळीचं पाणी तापवायला बाया हंडे घेऊन आल्या आणि तिथंच खोळंबल्या. राखेत ओंडक्याचे तुकडे पडले होते. बाहेरून काळेभोर, पण आतून मधासारखे, डाळिंबी, मधूनच दुधासारखी रेघ, आणि त्यात एकात एक बसलेली गोल गोल वलयं. झाडाच्या खोडात असतात तशीच. वर्षभर मी तो ओंडका गोंजारत बसलो होतो. आत काय आहे हे फोडून बघायचं मला कधी सुचलंच नाही.

जे आजोबा काल बदल्यातली बाभूळ नाकारत होते, ते उकिडवे बसून एक तुकडा निरखत होते. म्हणाले, "हे तं खरंच झाड होतं, बे." होळी जळून गेल्यावर उरतं ते साऱ्यांचं, त्यामुळे ज्याला जो तुकडा सापडला तो त्यानं देवघरात ठेवायला उचलला. मी 'अहो, अहो' करेपर्यंत राखेत राखच उरली.

साहेब बातमी ऐकून धावत आले. लुंगी माझी, भिंग त्यांचं. सबंध ओंडका नेऊन शेवटी कापावाच लागला असता, म्हणाले, हा तर आयता उघडला. एक तरी तुकडा मिळेल का? मी खालमानेनं सांगायला लागलो की आता माझ्याकडे काहीच नाही. तेवढ्यात वंदनेनं मला कोपरानं बाजूला केलं. तिच्या डोक्यावर घमेलं होतं, आणि घमेल्यात सगळ्यांत मोठे सात तुकडे. बाया पाणी तापवायला यायच्या आधीच ती येऊन गेली होती.

साहेबांनी भाव विचारला. तिनं सांगितलेला भाव ऐकून मीच 'अगं, अगं' करायला लागलो. साहेब म्हणाले, थोडा जास्त होतो.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "पन असं लाकूड दुसरीकडं भेटलं, तरी त्याले होयीचा धूर लागलेला भेटन का? पाहा विचार करून."

साहेबांनी सातही घेतले. शिवाय घरी आणखी काय काय आहे, असं विचारलं. वंदनेनं त्यांना खाटेखालचं, तिवईखालचं, कोठीमागचं सगळं तोंडपाठ सांगितलं. कुठला तुकडा कुठल्या रविवारचा, हेसुद्धा. म्हणजे ही बाई वर्षभर सगळं ऐकत होती!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. वंदनेनं त्याला मुरूम टाकायला लावला. खोली उन्हाळ्यात पुरी झाली. मोठी, हवेशीर, दोन खिडक्यांची. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर दगड, प्रत्येकाखाली वंदनेच्या अक्षरातली चिठ्ठी. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात, मामाजी स्वतः नाल्यावरून पोती पाठवतात, आणि मी दगड धुतो.

परवा फार उकडत होतं. मी दबकतच विचारलं, नव्या खोलीत एका कोपऱ्यात माझी खाट टाकू का? वंदना चिठ्ठी लिहीत होती. तिनं मान वर करून मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं.

"अजी, थे जागा विकाच्या मालाची हाये," ती म्हणाली. "तुमाले कोन घेईन?"

मी खाट परत ओसरीवर नेली.