भोपळ्यासाठी आठ घासण्या

अशी कल्पना करा की तुमच्यासमोर टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. पहिली, सिरॅमिकच्या पोकळ पांढऱ्या नळ्यांची बरणी. दिसायला शाळेतल्या खडूचे तुकडे, पण रुबाब असा की त्यांना हात लावण्याआधी परवानगी मागावीशी वाटेल. दुसरी, जुन्या सोफ्यातून कापलेला फोमचा ठोकळा. सोफ्यावर कोण कोण बसून गेलं याची थोडीफार आठवण त्याच्या वासात शिल्लक आहे. तिसरी, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या. हिरवी, गुलाबी आणि निसर्गात कुठेही न आढळणाऱ्या एका निळ्या रंगाची.

यातली एक वस्तू तुम्हाला माशाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये भरायची आहे. बिचारा मासा ज्या पाण्यात जेवतो त्याच पाण्यात बाकीचे विधीही उरकतो, त्यामुळे पाण्यात अमोनिया साठत जातो आणि अमोनिया माशाला जाळतो. तुम्ही निवडलेल्या वस्तूवर जिवाणूंनी बिऱ्हाड करायचं, अमोनिया खायचा आणि माशाला जगवायचं.

आता त्यात एवढी भर घाला, की तुम्ही गेली एकतीस वर्षं जिवाणू मारण्याचा पगार घेत आहात.

ही माझी मावशी. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात निर्जंतुकीकरण विभागात काम करते. तिथे माणूस उभा राहील एवढी वाफेची यंत्रं आहेत. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे आणि कापडं गठ्ठा बांधून त्यात जातात. गठ्ठ्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफेचं काम नीट झालं की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघा नाहीत तर गठ्ठा परत आत, मग वर सर्जन तापलेला असो की रुग्ण गुंगीत असो. रुग्णालयात तिला सगळे वाफबाई म्हणतात. समोर नाही, पण तिला माहीत आहे, आणि मनातून ते नाव आवडतंही.

घरी परिस्थिती फारशी वेगळी नाही. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, आपला चहाचा कप कपाटात शर्टांच्या मागे लपवून ठेवतात, कारण त्याचा आतला तपकिरी थर जमवायला त्यांना नऊ वर्षं लागली आहेत. आणि ताई, म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत असताना बुरशीचा प्रयोग करत होती. पावाचे आठ तुकडे, आठ बशा, पलंगाखाली. विसाव्या दिवशी मावशीला त्या सापडल्या. तिने पाव फेकले, बशा उकळल्या, पलंगाचे पाय ब्लीचने पुसले आणि ताई शाळेत रिकाम्या हाताने गेली. ताई आता तीस वर्षांची आहे. भांडण कशावरूनही सुरू होवो, गिझरवरून, लग्नावरून, पडद्यांवरून, तिसऱ्या मिनिटाला त्यात पाव येतो.

तर या ताईला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी सहा आठवडे परगावी जायचं होतं. तिच्याकडे सहा वर्षांपासून एक गोल्डफिश आहे, नारिंगी आणि गरगरीत, त्याचं नाव भोपळा. तो एका मैत्रिणीकडे राहणार होता. मैत्रिणीने मांजर आणलं. मग आई आठवली. आपण दुसरी पसंती आहोत हे मावशीला पक्कं माहीत होतं. ताईने टाकी बैठकीत मांडून दिली आणि फ्रिजवर कागद लावला. त्यावर अठरा सूचना होत्या. शेवटची लाल शाईत होती: आई, काहीही स्वच्छ करू नकोस.

मावशी चार दिवस टिकली. मला विचाराल तर हा विक्रमच.

चौथ्या दिवशी तिने फिल्टरचं झाकण उचललं, नुसतं बघायला. आत स्पंज होता, एके काळी निळा असावा. आता तो गटारातून काढल्यासारखा तपकिरी, बुळबुळीत. मावशीने मला नंतर सांगितलं, "अगं, मला वाटलं, पोरीच्या लक्षात आलं नसेल. एवढी शिकलेली, पण आत काय साठलंय ते बघितलंच नसेल."

तिने स्पंज कुकरमध्ये घातला. शिट्ट्यांवर तिचा विश्वास नाही, घड्याळ लावून वीस मिनिटं. वर रुग्णालयातल्या पट्टीचा एक तुकडाही चिकटवला. काळ्या रेघा सुरेख उमटल्या. स्पंज मात्र जुन्या बुटाच्या तळव्यासारखा होऊन बाहेर आला आणि पिळायला गेल्यावर तिच्या हातात त्याचा चुरा झाला.

मला फोन आला तो सहाव्या दिवशी.

"भोपळा तळाशी बसलाय."

"बसू दे ना."

"पर मिटून बसलाय. कल्ले लाल झालेत. आणि माझ्याकडे बघतोय."

"मावशी, फिल्टरमधला स्पंज कुठाय?"

मावशीने आधी काकांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. मग, "कुठला स्पंज?"

इथे सांगायला हवं की मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात काम करते. शहर जे सोडतं ते आमच्या टाक्यांत येतं आणि जिवाणू ते खातात. त्यांना हवा मिळते का, पोट भरतंय का, थंडी वाजतेय का, हे बघणं माझं काम. मावशी जिवाणू मारते आणि भाची पाळते, यावर घरात सगळ्यांचे विनोद करून झालेत. मावशी माझ्या हातचं पाणी पिते, पण आधी माझे हात बघते.

मी चाचणीच्या बाटल्या घेऊन गेले. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहिलं तर ठीक. पाणी गर्द हिरवं झालं.

"छान रंग आहे," काका म्हणाले.

"काका, हे विष आहे."

मी मावशीला समजावलं की तो तपकिरी थर हीच टाकीची कमाई होती. सहा वर्षं त्या थरातल्या जिवाणूंनी भोपळ्याची घाण निस्तरली. ते दिसत नाहीत, वास येत नाही, पगार मागत नाहीत. मावशीने हाताची घडी घालून ऐकून घेतलं, तळघरात नव्या मुलींचं ऐकते तसं, म्हणजे चूक सापडायची वाट बघत. चूक सापडली नाही.

"म्हणजे मी त्याच्या घरातला सगळा नोकरवर्ग मारला."

"वीस मिनिटांत."

"नीट मेले असतील," ती म्हणाली. सवयच ती. मग खुर्चीत बसली. "हे बघ, हा गेला तर ती माझ्याकडे परत काही ठेवणार नाही. उद्या मूल झालं तरी ठेवणार नाही."

काका काहीतरी गमतीचं बोलणार होते. त्याऐवजी ते टाकीतलं निम्मं पाणी बदलायला बादली भरायला गेले. बादलीत क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे मावशीचंच द्रवरूप आहे.

मग आम्ही दोघी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार रुंद, घामट आणि अत्यंत प्रेमळ. त्याने आमची गोष्ट ऐकली, हळहळला आणि सिरॅमिकच्या नळ्यांची बरणी पुढे केली.

"मॅडम, या एका बरणीत आतली भोकं उलगडली तर अख्खं फुटबॉलचं मैदान होतं. एवढ्या जागेवर जिवाणू राहतात."

"कोणी मोजलं?"

"कंपनीने."

"कंपनीला सांगा, माझी मुलगी आठव्या मजल्यावर दीड खोलीत राहते. मैदान तिला द्या."

किंमत ऐकून मी खोकले. त्या पैशांत असे चार भोपळे आले असते, आणि तसं मी बोलूनही गेले. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी शेल्फवरच्या प्लास्टिकच्या झाडांचा अभ्यास करू लागले.

दुकानदाराने दुसरा डाव टाकला. जिवंत जिवाणूंची बाटली. पाण्यात ओता, झालं काम. मावशीने ती हातात घेतली आणि मला कळलं की आता या माणसाचं काही खरं नाही.

"बॅच नंबर?"

"असेल की खाली."

"पुसलाय. किती तापमानाला ठेवायची?"

"थंड जागी लिहिलंय ना मॅडम."

"आणि ठेवली कुठे होती?"

बाटली काचेच्या खिडकीत होती, दुपारच्या उन्हात, रांगेतल्या अकरा बहिणींसोबत. मावशीने ती अलगद परत ठेवली. "हे सगळे वारलेत," ती म्हणाली, आणि एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीने हे सांगितल्यावर दुकानदार वाद कसा घालणार?

आम्ही दुकानाबाहेर पायरीवर उभ्या राहिलो. मी फोनवर पर्याय वाचून दाखवत होते. फोम चालेल, पण सोफ्याच्या फोममध्ये आग लागू नये म्हणून काहीबाही रसायन असतं, ते नको. विटेचे तुकडे, शीतपेय प्यायच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं. लोकांनी काय काय भरलंय, वाचून करमणूक होते. मावशी ऐकत नव्हती.

"तुला काय हवंय ते एका वाक्यात सांग," ती म्हणाली.

"जिच्यावर जिवाणू चिकटतील, कानाकोपरे भरपूर असतील, पण पाणी आरपार जाईल आणि जी कुजणार नाही, अशी वस्तू."

"म्हणजे जी साफच होत नाही अशी."

"हो, असंच म्हण."

तिचा चेहरा बदलला. तिने सांगितलं की आठ वर्षांपूर्वी तळघरातल्या धुण्याच्या मोरीवरून तिने एक वस्तू कायमची हद्दपार केली होती. त्यासाठी तीन पत्रं लिहिली, मेट्रनशी भांडली, अधीक्षकांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. गरम पाणी, साबण, ब्लीच, सगळं करून झालं तरी त्या वस्तूच्या वेटोळ्यांत काही ना काही शिल्लक राहायचंच.

"कुठली वस्तू?"

मावशी रस्ता ओलांडून समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरलीसुद्धा होती. बाहेर आली तेव्हा हातात प्लास्टिकच्या जाळीच्या आठ घासण्या होत्या. सगळ्या मिळून त्या बरणीच्या झाकणाच्या किमतीत आल्या असाव्यात. "साबण लावलेल्या नाहीत, आत तार नाही, विचारून घेतलंय," ती म्हणाली. "मैदानाएवढी जागा नसेल. पण मी या बाईशी लढलेय. ही हरत नाही."

मी मनात हिशेब केला. एका माशापुरती जागा आरामात होती. जाळी उघडी, म्हणजे तुंबणारही नाही. माझ्या शिक्षणाने मला इथे पोचायला आणखी एक तास लागला असता.

प्रश्न उरला जिवाणूंचा. ते आपोआप यायला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढा वेळ भोपळ्याकडे नव्हता. आम्ही परत माशांच्या दुकानात गेलो. मावशी काउंटरसमोर ताठ उभी राहिली, घसा साफ केला, आणि नजर माझ्याकडे वळू न देता म्हणाली, "तुमच्याकडे थोडी घाण मिळेल का?"

दुकानदाराला वाटलं ही नवी चेष्टा आहे. मी मध्ये पडले. मग तो खुलला. मागच्या बाजूला त्याची स्वतःची टाकी होती, विकायची नाही, घरच्यासारखी. "वर्षभरात एक मासा दगावला नाही, मॅडम." मावशीने टाकीसमोर पाच मिनिटं उभं राहून एकेक मासा तपासला, पांढरा ठिपका आहे का, पर फाटलेत का. पास केलं. त्याने आपल्या फिल्टरमधल्या स्पंजचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून दिला. पैसे घ्यायला तयार नव्हता. मावशीने तो आपल्या जेवणाच्या डब्यात घेतला. स्टीलचा, रोज उकळला जाणारा डबा. बसमध्ये मांडीवर धरून बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काही खास?"

"आमच्याकडे पाहुणे येणार आहेत," मावशी म्हणाली.

घासण्या फिल्टरमध्ये गेल्या, मधोमध तो तपकिरी तुकडा. पुढचे तीन आठवडे काकांनी बादल्या वाहिल्या आणि मावशीने रोज सकाळी नळीत थेंब टाकून रंग वहीत लिहिला. हिरवा. हिरवा. फिका हिरवा. एकदा तिने मला फोन करून "पोपटी" की "लिंबू" यावर वाद घातला. ताईचा दर रविवारी फोन यायचा. मावशी भोपळा दाखवायची, फोन अशा कोनात धरून की फिल्टर दिसू नये. भोपळा दुसऱ्या आठवड्यात तळ सोडून वर आला आणि चौथ्या आठवड्यात नळीतलं पाणी पिवळं राहिलं. मावशीने त्या दिवशी काकांचा कप पाहिला, शर्टांच्या मागे, आणि कपाट परत लावून टाकलं. काका अजून धास्तावलेले आहेत.

ताई आली त्या दुपारी मीही होते. बॅग खाली ठेवायच्या आत मावशी म्हणाली, "तुझा स्पंज मी कुकरमध्ये घातला."

"माहितेय."

"कसं?"

"बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं."

काका टाकीकडे बघत होते, फार लक्ष देऊन.

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"म्हटलं बघू, काय करतेस." ताईने साबणाने हात धुऊन फिल्टरचं झाकण उघडलं. निळ्या घासणीचा रंग आता ओळखू येत नव्हता. "शी, आई! हे किती घाण आहे!"

"हात मागे घे! साबणाचा हात आहे तुझा!"

ताई हसायला लागली. खूप वेळ हसली, टेबलाला धरून. मग म्हणाली की पुढच्या महिन्यात तिला पुन्हा जायचंय, भोपळा इथेच ठेवू का? मावशीने जमेल तेवढा त्रासिक चेहरा करून बघू म्हटलं. पावाचा विषय निघाला नाही. रात्रीच्या जेवणाला निघाला, पण ते चालायचंच.

मी निघाले तेव्हा मावशी मला पोचवायला जिन्यापर्यंत आली. हातात ती पट्टीची गुंडाळी होती, उगीचच उलगडत, गुंडाळत होती.

"तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक असेल," ती म्हणाली. "मारताना माझ्याकडे ही पट्टी असते. रेघा आल्या की मी निवांत झोपते. पण त्या घासण्यांवर ते आत्ता, या क्षणी, सगळे जिवंत आहेत हे सांगणारी पट्टी कुठे मिळते?"