पंधरा दिवसांचा बॅकवॉश

समस्त नातलग, शेजारीपाजारी, माझ्या पाळीत काम करणारे आणि करण्याचं नाटक करणारे, तसेच माझ्याकडून छत्री नेऊन परत न केलेले तमाम सज्जन यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या दोन्ही मूत्रपिंडांतील बारीक नळ्या सुकल्या असून त्यांच्या जागी व्रण भरले आहेत. सदर नळ्यांनी बावन्न वर्षे विनातक्रार सेवा केली. भेटीस येणाऱ्यांनी कृपया शहाळे आणू नये.

हे निवेदन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट छातीशी धरून, खरोखर वाचून दाखवलं होतं. श्रोतृवर्ग एकच, माझी बायको. ती तांदूळ निवडत होती. ती हसली नाही. शहाळं का नको, एवढंच तिने विचारलं. शहाळ्यात पोटॅशियम असतं आणि माझ्या नळ्यांना ते आता बाहेर टाकता येत नाही, असं मी सांगितलं. तिने ताटलीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा तोच उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

मी गुजरातेत, कामरेजच्या पुढे, कापडाच्या कारखान्यात पाण्याचा प्लँट सांभाळतो. आमच्याकडचे माग पाण्यावर चालतात. पाण्याची सुईसारखी पिचकारी धागा पलीकडे फेकते. ते पाणी तेलकट होऊन माझ्याकडे येतं, मी ते गाळून, शुद्ध करून परत मागांना देतो. सव्वीस वर्षं हेच. आणि या सव्वीस वर्षांत मी स्वतः पाणी किती प्यायलो, तर जवळपास नाहीच. गेज सोडून जायचं नाही, संडास कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला, मग प्यायचंच कशाला? चहावर दिवस निघायचा. रसायनाची पिंपं उचलून कंबर धरायची, त्यावर रोज एक दुखण्याची गोळी. मेडिकलवाला मला पाहिलं की न विचारताच पाकीट काढून ठेवायचा. माझा केवढा मान आहे, असं मला वाटायचं.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. आधी एक चाळणी, तिच्यातून भरपूर पाणी खाली येतं. मग लांब वळणदार नळी. त्यातलं कामाचं पाणी, मीठ, साखर ती नळी परत रक्तात घेते आणि उरलेलं बाहेर सोडते. अशा लाखो नळ्या. मी उडालोच. हा तर आमचाच प्लँट होता! मी इतके अचूक प्रश्न विचारले की डॉक्टर खूश झाले. गोळ्या आणि कोरडेपणा यांनी नळ्या मेल्या, मधल्या जागेत व्रण भरले, असं त्यांनी सांगितलं. गोळी कायमची बंद. पाणी तहानेप्रमाणे. पंधरा दिवसांनी रक्त आणि चोवीस तासांची लघवी तपासू. क्रिएटिनिन याच वेगाने चढत असेल, तर डाव्या हातात डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून ठेवावी लागेल. तोवर त्या हातातून कुणालाही रक्त काढू देऊ नका.

हे सगळं मी शांतपणे ऐकलं. पण बाहेरच्या बाकावर हिऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांची शीर जोडून झाली होती. मी उत्सुकतेने बघतोय म्हटल्यावर त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, “हाथ मूको.” मी हात ठेवला.

आत पंप चालू होता.

अतिशयोक्ती नाही. लांबच्या पाइपवर तळवा टेकवला की पंपाची जी घरघर लागते, तीच त्या सुरकुतलेल्या कातडीखाली चालली होती. मी तर पाइपवर डावा हात ठेवून दाब ओळखणारा माणूस. काका समाधानाने सांगत होते की वाजतंय तोवर उत्तम, ज्या दिवशी शांत होईल त्या दिवशी पळत दवाखाना गाठायचा. मी घरी येईपर्यंत डावं मनगट उजव्या हाताने धरून आलो.

त्या दिवसापासून माझं बूड कुठे टेकेना. जेवताना उठायचो, बसलो की पाय आपोआप हलायचे, प्लँटवर तेच गेज तीनतीनदा वाचायचो. घरात खाटेपासून दारापर्यंत सहा पावलं आहेत. ती मी इतक्या वेळा मोजली की बायको म्हणाली, आता फरशीलाच व्रण पडतील.

आणि मग मला साक्षात्कार झाला. फिल्टर तुंबला की आम्ही काय करतो? बॅकवॉश! पाण्याचा जोरदार लोंढा सोडायचा, अडकलेलं सगळं निघून जातं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक फिल्टर मेला नव्हता. मग हे दोन माझे स्वतःचे, मुठीएवढे, यांचं काय घेऊन बसलात?

डॉक्टरांना विचारलं का, असं बायकोने विचारलं. डॉक्टर मला विचारून प्लँट चालवतात का, असं मी विचारलं. तिलाही माझा डावा हात वाचवायचा होता. तिने स्टीलचा मोठा जग घासून आणला.

पंधरा दिवस मी पाणी प्यायलो. तहान असो नसो, दर अर्ध्या तासाला तांब्याभर. मी कामावर असलो की ती फोन करायची, हॅलो नाही, काही नाही, थेट “प्यायलात?” मी प्यायलो म्हणायचो आणि कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला धावायचो. दुसऱ्या आठवड्यात डोकं गरगरायला लागलं, पाय लटपटायला लागले, घोट्यावर मोज्याची खूण राहायला लागली. मी म्हटलं, मळ सुटतोय.

मग आला चोवीस तासांचा दिवस. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला होता. सकाळची पहिली धार सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या सकाळपर्यंतचं सगळं त्यात. मी रजा काढून घरी बसलो, म्हणजे फिरलो. चहाच्या वेळेला बायकोने कॅन उजेडात धरला आणि तिचा चेहरा पडला. गळ्यापर्यंत भरला होता.

दुसरा कॅन आणायचा कुठून? प्लँटवरचा रसायनाचा तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. शेवटी सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, नुकता रिकामा झालेला कॅन तिने गरम पाण्याने चारदा धुतला, उन्हात पालथा घातला आणि मान वळवून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या सकाळी आम्ही शटल रिक्षाने शहरात निघालो. एक कॅन माझ्या मांडीवर, तेलाचा तिच्या मांडीवर. समोरच्या गृहस्थांची नजर त्या कॅनवरून हटेना. रंग फार छान आहे म्हणाले. मी मान डोलावली. विकतचं की कुठल्या घाण्यावरचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचंच आहे. मग तर शुद्धच असणार, ते म्हणाले, आणि तुम्ही विकता का? बायकोने मला असा चिमटा काढला की त्याची खूण दोन दिवस होती. एरवी मी तो संवाद शहर येईपर्यंत ताणला असता. पण त्या दिवशी मजा तोंडापर्यंत यायची आणि परत जायची. दर सिग्नलला मी डावी बाही खाली ओढत होतो.

लॅबच्या खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कॅन पाहिले, आम्हा दोघांना पाहिलं आणि विचारलं, “बन्ने एक ज जणनुं?” मी अभिमानाने सांगितलं, हो, दोन्ही एकाच माणसाचे, माझेच. माझ्या उजव्या हातातून रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारी मिळणार होते. बायको बाकावर बसली. मी त्या बाकाला प्रदक्षिणा घातल्या.

दुपारी डॉक्टरांनी कागद वाचायला सुरुवात केली आणि थांबले. क्रिएटिनिनच्या आधी त्यांनी सोडियम विचारात घेतलं. ते बरंच उतरलं होतं. गरगरतं का? हो. पाय लटपटतात? हो. किती पाणी पिता? मी सांगितलं. का? मी बॅकवॉश सांगितला, अगदी हातवाऱ्यांसकट. लोंढा कुठून येतो, मळ कसा सुटतो, सगळं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, फिल्टरमध्ये मळ असतो म्हणून तो धुऊन निघतो. तुमच्या नळ्यांत मळ नाहीच. नळी मेली, जखम भरली, तिथे आता फक्त व्रण आहे, आणि व्रण कुठल्याच पाण्याने धुतला जात नाही. ज्या नळ्या जिवंत आहेत त्याच गेलेल्यांचं काम करतायत आणि तुम्ही त्यांनाच पंधरा दिवस राबवलंत. दोन कॅन भरूनही जास्तीचं सगळं पाणी त्यांना बाहेर काढता येईना, म्हणून रक्तातलं मीठ पातळ झालं.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळेतल्यासारखा मान खाली घालून उभा होतो. खुर्ची होती, पण बसवेना. शेवटी मीच विचारलं, हात?

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. क्रिएटिनिन होतं तिथेच होतं. पाण्यामुळे नाही, ते म्हणाले. बहुधा गोळी बंद केल्यामुळे. सध्या हाताला हात लावायचा नाही. पाणी मोजून, मीठ बेताचं, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

माझे पाय एकदम थांबले. मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं की माझा डावा हात मघापासून बायकोने दोन्ही हातांनी धरून ठेवलाय. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं. तिने तो सोडला, पदर सारखा केला. परक्या माणसासमोर ती अहिराणीचा एक शब्द काढत नाही. डॉक्टरांशी गुजरातीत बोलते, तेही साखर घालून. पण पंधरा दिवसांचे ते पाण्याचे जग, ते फोन, मांडीवरचा तो तेलाचा कॅन, सगळं तिच्या तोंडावर एकदम दाटून आलं. केबिनचं दार उघडं होतं आणि बाहेरचा निम्मा बाक आमच्या खानदेशचा होता.

“मंग इतलं मुतनात, ते फुकट गयं?”