ओठ दिसतील असा टीव्ही

नवा टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा नवरा इंचांवर अडून बसला. भिंत एवढी मोठी आहे तर टीव्हीही तसाच हवा, हे त्याचं म्हणणं. मला विचाराल तर मला टीव्हीच नको होता. घरात आधीच पुरेशी बडबड आहे. आईची अट मात्र एकच होती.

"माणसाचे ओठ स्वच्छ दिसले पाहिजेत," ती म्हणाली.

आईला ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही ते. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग फोनवरचा माझा आवाज. कानाची यंत्रं लावून झाली, पण त्यातून तिला नुसती खरखर यायची, म्हणून ती यंत्रं डबीत जाऊन कपाटात बसली. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, आता ह्यांना तुमचे ओठ वाचायची सवय लावा, समोर बसून सावकाश बोला. एवढं बोलून ते बाबांच्या मिशीकडे बघत राहिले.

बाबांची मिशी कॉलेजात असल्यापासूनची. चांगली झुबकेदार, वरचा ओठ पार झाकून टाकणारी. चहा प्यायल्यावर ती आधी पुसावी लागायची. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते सलूनमध्ये जाऊन ती काढून आले आणि तोंडाला रुमाल लावून घरात शिरले. आईला वाटलं दाढ दुखतेय. रुमाल बाजूला झाला तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग रडायलाच लागली. "अहो, हे काय करून आलात, परक्यासारखे दिसताय," म्हणाली. बाबा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलायला लागले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं ती दोघं अशीच बोलली. पुढेपुढे बाबांनी आवाज काढणंही सोडून दिलं. कोणासाठी काढायचा? बसमध्ये आई डावीकडच्या लेडीज सीटवर आणि बाबा उजवीकडे. मधल्या जागेत लोंबकळणाऱ्या माणसांच्या फटीतून त्यांचं सगळं चालायचं: भाजी कुठली घ्यायची, आज कोणाकडे जायचं, पुढे उभा आहे त्याने शर्टाची बटणं कशी वरखाली लावलीयत. आई मध्येच मोठ्याने हसायची आणि सगळी बस वळून बघायची. बाबा साळसूदपणे खिडकीबाहेर बघत बसायचे.

बोलण्याची सुरुवात ठरलेली. "अगं, ऐकलंस का." लग्न झाल्यापासून तीच, आणि कान गेल्यावरही तीच. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, तिला कसलं ऐकलंस का विचारता?"

"ती ऐकते," बाबा म्हणाले. "तूच ऐकत नाहीस."

बाबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. शेवटच्या दिवशी आई कॉटशेजारी बसली होती आणि ते तिच्याकडे बघून काहीतरी बोलत होते. बोलत होते एवढं कळत होतं, कारण मास्कवर आतून वाफ धरत होती. त्यांनी मास्क उचलायचा प्रयत्न केला, नर्सने तो परत बसवला. परत उचलला, परत बसवला. नर्सची काही चूक नव्हती. मला नुसती घरघर ऐकू आली, शब्द एकही नाही. आईला तर तेवढंही नाही. ती मास्ककडे बघत माझा दंड गदागदा हलवत होती. "काय म्हणतायत? सांग ना, काय म्हणतायत?"

मग आईला मी वारज्याला आमच्याकडे आणलं. आम्ही तिला काही कमी केलं नाही, पण आम्ही सगळे पाठ करून बोलणारी माणसं. स्वयंपाकघरातून ओरडायचं, फोनमध्ये बघत पुटपुटायचं, घास तोंडात असताना उत्तर द्यायचं. चार दिवस लक्षात ठेवून समोर बसायचो, पाचव्या दिवशी मूळपदावर. एकदा जेवताना ती म्हणाली, "तुम्ही सगळी चांगली आहात गं. पण माझ्याशी बोलणारं कोणी राहिलं नाही." ती तक्रार करत नव्हती, भात कालवता कालवता बोलली.

बाबांचं बोलतं चित्र कुठेतरी असेल म्हणून मी सगळे फोन धुंडाळले. वाढदिवस, सहली, केक, पाहुणे, सगळं होतं. बाबा कुठेच नव्हते, कारण प्रत्येक वेळी फोन त्यांच्याच हातात होता. सापडली ती एकच गोष्ट. माझ्या लग्नाची कॅसेट. स्टुडिओत देऊन ती मी पेन ड्राइव्हवर भरून आणली.

त्या काळातल्या लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ठाऊक असेल: व्हिडिओवाला खरे आवाज पुसून टाकायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी भरायचा. ते लग्नही तसंच. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींच्या तोंडून हिरॉइनचं गाणं. कोण कोणाला काय म्हणालं ते कोणालाच कळायची सोय नाही.

त्यातच एके ठिकाणी शेवटची पंगत चालू आहे. विहीणबाईंच्या शेजारी आई, तिच्याशेजारी मी. बाबा आग्रह करत जिलबी वाढत येतात, आईच्या पानासमोर थांबतात, खाली वाकून तिला काहीतरी सांगतात. चांगलं एक अख्खं वाक्य. आई पदर तोंडाला लावून हसते, हसता हसता मान खाली घालते. बाबा पुढे जातात.

आमच्या जुन्या टीव्हीवर बाबांचा चेहरा अंगठ्याएवढा दिसायचा. आई काचेला नाक टेकवून बसायची. "इथे, इथे बघ, हे मला काहीतरी म्हणाले," असं म्हणून मला परत मागे न्यायला लावायची.

"तुला आठवत नाही का, काय म्हणाले ते?" मी तिच्यासमोर येऊन विचारलं.

"तेव्हा ऐकू येत होतं ना," आई म्हणाली. "येता-जाता बोलायचे, लक्षात कोण ठेवतंय."

तिला ते एक वाक्य हवं होतं. मास्कखालचं मिळालं नाही, निदान हे तरी. आणि ते ओठ वाचणारी सबंध जगात ती एकटीच होती. म्हणून नवा टीव्ही, मला नको असूनही. म्हणून एचडी, फोर-के, आणखी जे काय असेल ते.

आधी मोठ्या शोरूममध्ये गेलो. एका भिंतीवर पंधरावीस टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच मोर. मोर संपला की धबधबा, धबधबा संपला की कापलेली किवी. विकायला उभा असलेला मुलगा सांगत होता, "मॅम, ब्लॅक्स बघा ना, किती डीप आहेत." बोलताना त्याचं तोंड टीव्हीकडे, त्यामुळे आईला शून्य कळलं.

"माणूस लावा," आई म्हणाली.

त्याने मालिका लावली. आई पुढे झाली, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे वळली. "ही बाई वेडी आहे का? काहीही बोलतेय." मालिका डब केलेली होती. ओठ हिंदीत चालले होते आणि आई ते मराठीत वाचत होती. मी बाहेर येऊन रिक्षाला हात केला. त्या मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता, तरी मी रागावले होते.

तिथून बुधवार पेठेत गेलो. चिंचोळं दुकान, दारात खोक्यांची चळत. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते आणि आम्ही आलो म्हणून तो त्यांनी बाजूला ठेवला नाही. आईने ओठांची अट सांगितली.

"काकू, टीव्ही नुसता बघायचा असतो," ते पेपरातूनच म्हणाले. "त्याच्याशी गप्पा मारायच्या नसतात."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. जरा जोरातच.

त्यांनी पेपर खाली ठेवला. आईला बसायला स्टूल दिलं, एका टीव्हीवर बातम्या लावल्या आणि आवाज बंद केला. पडद्यावर बातम्या देणारा मध्यम वयाचा, दाढीमिशी नसलेला, समोर बघून बोलणारा. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "धरणातून पाणी सोडणारेत. नदीकाठच्यांनी गाड्या हलवा म्हणतोय." त्यांनी आवाज वाढवला. तेच होतं. मग त्यांनी स्वतःहून दुसऱ्या, तिसऱ्या टीव्हीवर त्याच बातम्या लावल्या, आणि आईने दुसरा निवडला. तिचा चेहरा उजळला होता. बाबा गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता.

"घरचं काही असेल तर लावून बघा," आता ते आईकडे तोंड करून बोलत होते. "पेन ड्राइव्ह वगैरे."

पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्येच होता. मी तो काढला, तर आईने माझा हात धरला.

"नको गं. ह्यांना असं चारचौघांत, दुकानात कशाला? घरी बघू."

मी पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला. ती म्हणते ते मलाही पटलं होतं. आपल्या माणसाला मोर आणि धबधब्याच्या रांगेत कोण उभं करील?

टीव्ही घरी आला. भिंतीवर लावणारा माणूस गेला आणि मी पसारा आवरत होते. आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने साडी बदलली होती. केस विंचरून अंबाडा नीट बांधलेला, कपाळाला पावडर.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"कुठे नाही. लाव तू."

मी लावलं. गाणी सुरू झाली तसा मी आवाज बंद केला, दोघींनाही त्याचा उपयोग नव्हता. पंगतीपर्यंत पुढे नेलं. बाबा वाढत आले, थांबले, वाकले, आणि मी चित्र मोठं केलं. बाबांचा चेहरा केवढा तरी झाला, आणि विस्कटला. गालाचे चौकोन, कपाळाचे चौकोन, डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग. मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरले, हे वाढव, ते कमी कर. त्याने चौकोन गेले आणि चेहऱ्यावर मेण चोपडल्यासारखं झालं. दुकानात बातम्या देणारा तो लख्ख स्वच्छ माणूस आणि हे, दोन्ही एकाच पडद्यावर, याचा मला असा संताप आला की रिमोट आपटावासा वाटला.

"थांब," आई म्हणाली. "ते नाही. मिशी बघ."

मी बघितलं. नाकाखाली एक जाड काळी पट्टी होती आणि ती वरखाली हलत होती. ओठ नव्हतेच. पडदा कितीही चांगला असता तरी ते नव्हते.

ती मिशी आम्ही दोघींनी त्या चित्रात कितीदा बघितली होती! छोट्या टीव्हीवर सगळंच धूसर दिसायचं, म्हणून दोष टीव्हीला दिला. मिशी आड येईल हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आई बाबांचे ओठ वाचायला शिकली ती मिशी गेल्यानंतर. मिशीवाल्या बाबांना तिने नुसतं ऐकलं होतं.

"माझ्याशी बोलायचे ते हे नव्हेत," आई म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. चित्र पुढे सरकत होतं. बाबा निघून गेले होते. आई पदराआड हसत होती. तिच्या शेजारी लग्नातली मी, मुंडावळ्या सावरत.

आईने त्या माझ्याकडे बोट केलं. "तू तिथेच होतीस. अगदी शेजारी. तुला तर ऐकू आलं असेल. काय म्हणाले?"

मला काहीही आठवत नव्हतं. पडद्यावरची मी थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होते, व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं तशी. मी टीव्ही तसाच ठेवून आईसमोर जमिनीवर बसले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझी जिवणी बाबांची आहे, सगळे म्हणतात. खालचा ओठ जाड, वरचा मध्ये किंचित दुमडलेला.

मला जे खात्रीने माहीत होतं तेवढं मी सांगितलं. "अगं, ऐकलंस का."

"ते तर असणारच," आई म्हणाली. "पुढे?"

काहीतरी रचून सांगावं असं मनात आलं, पण ओठ हलेनात. आईच्या मागे खिडकीत संध्याकाळ होत आली होती आणि खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मग तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड जरा उजेडाकडे वळवलं.

"बरं, तेवढंच परत म्हण," ती म्हणाली. "आवाज काढू नकोस."

मी आवाज न काढता म्हटलं.

"सावकाश," आई म्हणाली. "परत."