खापरपणजोबांचं नाव

पेणहून रोह्याला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. साठीचे असतील. मांडीवर कागदाची गुंडाळी. ती सारखी उलगडायची, बोट फिरवायचं, परत गुंडाळायची. वंशावळ होती ती. सगळ्यांत वरची चौकट रिकामी. मी काही गप्प बसणारी नाही, विचारलंच.

"खापरपणजोबा," ते म्हणाले. "राणीच्या राज्यात खाडीच्या बांधावर माती टाकायचे. नाव कुणालाच ठाऊक नाय. पितरांना पाणी सोडताना इथं येऊन मुका होतो. कचेरीत हेलपाटे घालतोय. आता महादेवाच्या वारी परत बोलावलंय."

"सरदार निघाले तर आम्हाला जेवण घाला हं," मी म्हटलं. "पण सोमवार का नाय म्हणत?"

"आमच्यात नाय म्हणत. आई, आजी, सगळ्या महादेवाचा वारच म्हणायच्या."

मला हसूच फुटलं. आमच्या आजेसासूबाईंनी पेणमध्ये राहून जन्मभर गणपतीला 'मखरातला देव' म्हटलं, कारण सासऱ्यांचं नाव गणपत. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना!

"अहो, तुमचे खापरपणजोबा सोमा असणार!"

त्यांचं बोट चौकटीवरच थांबलं. "सोमा," ते हळूच म्हणाले. मग जरा हिरमुसून, "नुसता सोमा? सोमाजीराव नसेल?"

"माती टाकणाऱ्याला कोण राव म्हणतंय?"

तेही हसले, डोळे पुसले आणि बायकोला फोन लावून ओरडून नाव सांगितलं. "आता तू म्हण बघू!"

फोनमधला आवाज अख्ख्या एसटीला ऐकू आला, "मी कशी म्हणू? सासरेच की ते माझे. थांबा, डोक्यावर पदर घेते."