म्यानातून काढलेलं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामिनीने टीव्हीजवळची निळी पेटी उघडली. दिवा हिरवा होता. थोरला मुलगा केयूर बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला आणि गेला. मग तपासण्यांत धाकट्या चिन्मयीच्या हृदयातही तोच दोष निघाला, आणि थांबलेल्या हृदयाला झटका देणारं हे यंत्र महाल भागातल्या घरात आलं. तेव्हापासून कामिनी सकाळी देवाआधी या दिव्याकडे बघायची.

आज पॅडचं पाकीट हातात घेतलं, तर त्याला सेलोटेप लावलेली. आत छातीला चिकटवायच्या दोन्ही पॅडवर हळदीकुंकू. एकाला झेंडूची पाकळी डकलेली.

"आई, हे कुणी फोडलं?"

सासूबाई यमुताई मेथी निवडत होत्या. "मीच. खंडेनवमीला हत्यार म्यानातून काढून पुजायची रीत आहे आपल्याकडे. मिक्सरला कुंकू लागलं, स्कूटरला लागलं, मग याला काहून नाही? होतं तसं बंद केलं ना."

"ते सीलबंद होतं म्हणून चालत होतं. हवा लागून सुकले. आता छातीला चिकटायचे नाहीत."

"दिवा तर हिरवा लागून राहिला."

"दिव्याला बॅटरीचं कळतं. पाकिटातलं नाही."

यमुताईंचे हात थांबले. "केयूरच्या वेळी हे घरात नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांत आधी याचीच पूजा केली."

कामिनीने पाकीट खाली ठेवलं आणि यंत्र घेतलं त्या दुकानात फोन लावला.

दुकानदार म्हणाला, नवे पॅड कोजागिरीनंतरच येतील. कोजागिरीला चिन्मयी मैत्रिणीच्या, अपेक्षाच्या गच्चीवर जाणार होती. पेटी सोबत नेण्याच्या बोलीवर पहिल्यांदाच तिला परवानगी मिळाली होती.

"पॅड आले की जा कुठेही," कामिनी म्हणाली.

"पॅड आले की तू बॅटरीचं काढशील." चिन्मयीने इस्त्रीचा ड्रेस पुन्हा कपाटात लटकवला. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर कामिनीला बरं वाटलं असतं.

"पुजलेलं कचऱ्यात टाकू नको वं," यमुताई म्हणाल्या. कामिनीने ते पॅड केयूरच्या फोटोमागे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने पेटी उघडली. दिवा हिरवा होता. पेटी मिटून ती चिन्मयीच्या खोलीशी गेली आणि पांघरूण वरखाली होतंय का, ते बघत दारातच उभी राहिली.

"आहे, आई, जिवंत आहे," पोर डोळे न उघडताच म्हणाली. "जा आता."

कामिनी तिथेच उभी होती.